भुजलीचा मायना

माझ्या टेबलावर सात वह्या असतात. किराण्याची, औषधांची, मत्स्य संस्थेच्या कामांची, घरातल्या दुरुस्त्यांची, कोणाकडे आपलं कोणतं भांडं गेलंय त्याची आणि गावातल्या लग्न-बारशांची. सातवी वही जर्मन पत्रांच्या मायन्यांची. लाखांदूर तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात अशी वही कशाला, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. उत्तर लांबलचक आहे, म्हणून मी बहुतेकदा "कामाची आहे" एवढंच सांगते.

पत्राची वरची ओळ, म्हणजे मायना, मजकुराच्या आधी नीट पाहायची हे मी वहीच्या फार आधी शिकले होते. लहानपणी पोस्टकार्ड आलं की आई ते हातात घेण्याआधी लांबूनच बघायची. वर 'श्री' आहे का? चारही कोपरे शाबूत आहेत का? 'श्री' नसलेलं, कोपरा फाडलेलं कार्ड मयताचं. ते उंबऱ्याच्या आत यायचं नाही. अंगणात उभ्यानं वाचायचं, फाडून टाकायचं आणि आंघोळीला जायचं. कोण गेलं हे खाली लिहिलेलं असे, पण कोणीतरी गेलं हे आईला पायरीवरच कळलेलं असे.

माझं लग्न होऊन मी या गावात आले त्याच वर्षी एक जर्मन बाई इथे आल्या होत्या. जुन्या मालगुजारी तलावांचा अभ्यास करायला. पावसाळाभर त्या आमच्या शेजारच्या मावशीकडे राहिल्या. मावशी माझी नात्यातली नाही. तिचं घर मासेमारीचं, ती जाळी विणते आणि गावातल्या सगळ्यांचीच मावशी आहे. दोघी तेव्हा साधारण एकाच वयाच्या, चाळिशीच्या. मावशी एक शब्द बोलायची, बाई तो लिहून घ्यायच्या, आणि दोघी हसायच्या.

त्या श्रावणात भुजलीचा सण आला. नागपंचमीच्या सुमारास टोपलीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब तलावावर नेऊन शिरवतात, म्हणजे पाण्यात सोडतात. थोडे कोंब मागे ठेवतात आणि एकमेकांच्या कानावर खोवतात. ज्या दोघी ठरवून, वडीलधाऱ्यांसमोर कोंब बदलतात त्या जन्मभराच्या भुजली होतात. त्यानंतर त्या एकमेकींचं नाव घेत नाहीत. हाक मारायची ती 'भुजली' अशीच. नाव घेतलं की नातं तुटलं, असं आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, मानतात. भुजली मेली तर सुतकही पाळतात.

मावशीनं त्या जर्मन बाईंच्या कानावर कोंब खोवले. म्हाताऱ्यांनी त्यांना नियम समजावून सांगितले आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. परत जाताना त्या विचारू लागल्या, पत्र कुठल्या भाषेत लिहू? त्यांना थोडी हिंदी यायची.

मावशी म्हणाली, "तू तुया भाषेत लिव. मले तं दोन्ही सारख्याच, एकबी वाचता येत नाई."

तेव्हापासून वर्षाला दोन पत्रं. एक भुजलीनंतर, एक जानेवारीत. मजकूर जर्मन, पण वरच्या ओळीत एक शब्द देवनागरीत, मोठ्या गोल अक्षरात: भुजली. तेवढं त्या शिकून गेल्या होत्या. मावशीही तेवढा एकच शब्द ओळखायला शिकली. चित्र ओळखावं तसा.

वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी संस्थेची सचिव आणि गावात कागदाचं काही निघालं की माझ्याकडेच येतं. नागपूरहून शब्दकोश आणला. रद्दीच्या दुकानात एक फार जुनं जर्मन पत्रलेखनाचं पुस्तक मिळालं, तेही उचललं. मावशीच्या वतीनं मी पहिलं उत्तर लिहिलं ते त्यातूनच: सुरुवातीला 'परमपूज्य कृपाळू बाईसाहेब' अशा अर्थाचं काहीतरी आणि शेवटी 'होखआख्टुंग्सफोल', म्हणजे अत्यंत आदरपूर्वक. बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की मायना वाचून मला आरशात मुकुट शोधावासा वाटला, आणि तो शेवटचा शब्द कृपा करून परत वापरू नका. आजकाल तो वकीलच लिहितात. तो दिसला की समजायचं, पुढचा कागद कोर्टाचा.

मी त्या दिवशी सातवी वही सुरू केली. रकाने तीन: मायना, कोणाला, आणि गरम-कोमट-गार.

'माइनं लीबं', माझी प्रिय: गरम. नुसतं 'लीबं', प्रिय: गरमच, पण ओळखीच्या बाईलाही चालतं. 'हालो': रोजच्या माणसाला, ईमेलमध्ये. 'गूटेन टाग', म्हणजे नमस्कार: कोमट. 'झेर गेएर्टं फ्राउ' आणि पुढे आडनाव: गार, कचेरी, बँक, अनोळखी माणूस. 'झेर गेएर्टं डामेन उंट हेरेन', सन्माननीय स्त्री-पुरुषहो: पलीकडे कोण आहे हे ठाऊकच नसेल तेव्हा. शेवटच्या ओळींचंही तसंच. 'लीबं ग्र्यूसं' म्हणजे प्रेमाचे नमस्कार, घाईत असाल तर नुसती दोन अक्षरं. 'मिट फ्रॉइंडलिखन ग्र्यूसन' कचेरीला. खाली मी लाल शाईत लिहून ठेवलं होतं: त्यांच्याकडे माणूस जवळ आला की आडनाव सुटतं आणि नाव उरतं. आपल्याकडे माणूस जवळ आला की नावही सुटतं. नाव लागतं ते तलाठ्याकडे.

पुढे संस्थेला ईमेल आला. बाई मलाही मधूनमधून लिहू लागल्या. तलाव भरला का, शिंगाडा कसा आहे. मायना नेहमी 'हालो', शेवटी ती दोन अक्षरं. मावशीची पत्रं मात्र हातानंच, पोस्टानंच.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतलं पत्र मी मावशीच्या पडवीत वाचत होते. मावशीनं नेहमीप्रमाणे आधी कागद स्वतःच्या हातात घेतला, वरच्या ओळीवर बोट फिरवलं आणि थांबली.

"याच्यात मागची दांडी नाई."

खरंच नव्हती. 'भुजल' असं लिहिलेलं होतं. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"घाईत राहिली असेल," मी म्हटलं.

"घाई?" मावशीची सून चुलीजवळून म्हणाली. "जर्मनवालीले कायची घाई? तिले का धान कापाले जायचं हाये?"

आम्ही हसलो. मी घरी येऊन वहीत नोंद केली: दांडी नाही. नोंद का केली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या उन्हाळ्यात एका आठवड्यात बाईंचे तीन ईमेल आले. तिन्हींत एकच प्रश्न, यंदा तलाव भरला का. मे महिना होता. तलावात म्हशी बसतील एवढंही पाणी नव्हतं, आणि हे कोणाला सांगायची गरज नसेल तर त्या बाईंना. तलाव कधी भरतात आणि कधी आटतात हाच त्यांचा अभ्यास होता. पहिल्या ईमेलचा मायना 'हालो'. दुसऱ्याचा 'गूटेन टाग'. तिसऱ्यात 'झेर गेएर्टं फ्राउ' आणि माझं आडनाव. मी वही उघडून तिन्ही उतरवले. चार दिवसांत गरमचं गार झालं होतं. भांडण झाल्यावर असं होतं, पण आमचं भांडण झालंच नव्हतं.

भुजलीनंतरचं पत्र आलं त्यात वर 'लीबं फ्रॉइंडिन' होतं. प्रिय मैत्रिणीस. वाईट नाही, वहीतल्या हिशेबानं कोमटच्या वर. पण देवनागरी शब्द नव्हता. मी कागद मावशीच्या हातात दिला नाही. वरच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि "माझी प्रिय भुजली" असं वाचलं. मला वाटलं, एवढ्यानं काय बिघडतं. पुढच्या खेपेला शब्द परत येईल.

पुढचं पत्र या जानेवारीत आलं. लाखांदूरहून पोस्टमन संस्थेत टाकून गेला. मी खुर्चीवर बसून वाचलं आणि परत एकदा वाचलं. 'झेर गेएर्टं फ्राउ', पुढे मावशीचं आडनाव, नीट टाइप केलेलं. मजकूर पाच ओळींचा. माझ्या पत्त्यांच्या वहीत आपला पत्ता सापडला. तो माझ्याकडे कसा आला, हे कृपया कळवाल का? आपली भेट झाली असल्यास कुठे? गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि खाली तो शब्द, जो परत वापरू नका असं त्यांनीच मला सांगितलं होतं: होखआख्टुंग्सफोल.

मी ते पत्र दोन दिवस संस्थेच्या कपाटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सून विचारायला आली, "चिठ्ठी आली म्हणते पोस्टमन, कुठी हाये?"

मी पडवीत जाऊन बसले. मावशी जाळं मांडीवर घेऊन फाटलेल्या गाठी बांधत होती. मी अंगठा ठेवला आणि घरून जुळवून आणलेलं वाचू लागले. माझी प्रिय भुजली, इथे बर्फ पडलाय, गुडघे दुखतात, तुझी आठवण येते. चांगलं एक पान वाचलं.

मावशीनं गाठ पुरी केली. "अंगठा काढ."

"काय?"

"अंगठा काढ वो. मागच्या खेपेले बी असाच दाबून धरला होता. मले वाटलं, बाईच्या हाताले घाम येते."

मी काढला नाही.

"मले वाचता येत नाई, मंग का दिसत बी नाई? पाच रेघांची चिठ्ठी हाये आन् तू पानभर वाचून राहिली."

मी कागद तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं वरची ओळ पाहिली, उलटून मागची बाजू पाहिली, परत वरची ओळ. "माया थो शब्द कुठी हाये?"

"नाही लिहिला."

"मंग तिथं काय हाये?"

"तुझं आडनाव."

जाळं तिच्या मांडीवरून घसरलं. "नाव घेतलं तिनं माझं?"

सून बाहेर आली. मग मावशी सुनेकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "तुले सांगतलं होतं. त्या टोपल्यातले कोंब नोको धाडू म्हणून."

मला काही कळेना. सून रडायला लागली आणि मग उलगडलं. आदल्या श्रावणात मावशी तापानं पडली होती. तिची स्वतःची टोपली पाण्याविना वाळून गेली. दरवर्षी पत्रात घालतो तसे कोंब घालायचे म्हणून सुनेनं शेजारच्या टोपलीतले मूठभर उचलून पाकिटात भरले. मावशीला हे नंतर कळलं. तेव्हापासून, म्हणजे चार-पाच महिने, ती मनात धरून बसली होती की दुसऱ्याच्या टोपलीतले कोंब गेले, नात्यात खोट आली, आता काहीतरी होणार. आणि आता पत्रात नाव आलं होतं. मी अंगठ्याखाली झाकत होते ते, आणि ती वाट बघत होती ते, एकच होतं. फक्त दोष तिनं स्वतःच्या घरावर घेतला होता, आणि माझ्या गप्प बसण्यानं तो पक्का झाला होता.

मी सगळं सांगून टाकलं. वही आणली, तीन ईमेल वाचून दाखवले, मे महिन्यातला तलावाचा प्रश्न सांगितला. "ती रागावली नाही, मावशी. ती विसरत चालली आहे. तू कोण, हे तिला ठाऊक नाही. पत्ता सापडला म्हणून विचारते आहे."

मावशीनं घसरलेलं जाळं परत मांडीवर ओढलं.

"आमच्या सासऱ्याचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "जिंदगीभर सासूले हाड् हुड् केलं त्यानं. मंग डोस्कं गेलं, आन् एक दिवस सकाळी तिले म्हणते, 'बाई, तुमी कोनाच्या? बसा, च्या घ्या.' आमी सगळे हासलो. सासू मातर घाबरली. म्हणे, हा आता परत येत नाई."

थोड्या वेळानं म्हणाली, "तुया वहीत थे बी लिव. आदरानं बोलू लागला की समजाचं."

उत्तर त्याच दुपारी लिहिलं. मावशी सांगत होती, मी मराठीत उतरवत होते, जर्मन नंतर करायचं होतं.

"लिव. तुमी मले वळखत नाई."

"तुमी?" मी विचारलं.

"मंग? अनोळखी बाईले तू म्हणू का?"

तिनं सगळं सांगितलं. तुम्ही माझ्या घरी पावसाळाभर राहिल्या. तुम्हाला शिंगाडे सोलता येत नव्हते, बोटं टोचून घ्यायच्या. तलावाच्या पाळीवर तुमच्या कानावर मी भुजली खोवली. मी रागावलेली नाही. मागच्या साली जे कोंब आले ते माझ्या टोपलीतले नव्हते, ही चूक झाली. आता जे पाठवते ते माझे आहेत. हे वाक्य लिहिताना तिनं आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्याआधीच्या वर्षीचे कोंब तिनं त्यात जपून ठेवले होते, वाळून गवतासारखे झालेले.

अडलं ते मायन्याशी. अनोळखी बाईला लिहायचं तर 'झेर गेएर्टं फ्राउ' आणि पुढे आडनाव. ते मला माहीत होतं, पाकिटावर लिहितच होते. पण आतलं पत्र मावशीचं होतं.

"मी नाव नाई घेत."

"तिनं तुझं घेतलं ना?"

"तिले आठवत नाई म्हणून घेतलं. मले तं आठवते ना?"

मी वही चाळली. स्त्री-पुरुषहो नावाशिवाय चालतं, पण मावशीनं ते उडवून लावलं, "ती एकटीच हाये, पुरुष कायले बोलावते?" 'हालो' तिला पोरकट वाटलं. शेवटी 'गूटेन टाग' सापडलं. पुढे नाव नसलं तरी उभं राहतं. कोमट. मी तेच लिहिलं. त्याखाली देवनागरीत मोठ्या अक्षरात काहीतरी लिहू का, असं विचारलं तर मावशी म्हणाली नको, ते तिचं अक्षर आहे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लाखांदूरला जाऊन मी ते रजिस्टर केलं.

फाल्गुनात संस्थेच्या ईमेलवर उत्तर आलं. बाईंचं नव्हतं, त्यांच्या भाचीचं. मायना 'झेर गेएर्टं डामेन उंट हेरेन'. मी या खेपेला काही झाकलं नाही. फोन मावशीच्या डोळ्यांपुढे धरला आणि जसं होतं तसं सांगितलं. बाईंना आता वृद्धांच्या घरात ठेवलं आहे. जुनं घर रिकामं केलं आहे, तिकडे काही पाठवू नये. तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांना काही आठवलं नाही. पाकिटातलं वाळकं गवत मात्र त्यांनी उचलून कानावर खोवलं, आणि आंघोळ घालणाऱ्या बाईनं ते काढायला हात लावला तेव्हा तिला मारलं. याचा अर्थ तुम्हाला ठाऊक असल्यास कळवावं. पुढे वेळ आली की मी तुम्हाला कळवीन.

गवताची ओळ मावशीनं मला परत वाचायला सांगितली आणि मग तिसऱ्यांदा. शेवटच्या ओळीवर मात्र म्हणाली, "कशाची वेळ?"

मी फोन बंद केला. तिला उत्तर नको होतंच.

"तिकडं कोपरा फाडतेत का?"

मला माहीत नव्हतं. मी शोधलं, आणि आज सातव्या वहीत ती शेवटची नोंद आहे. तिकडे कोपरा फाडत नाहीत. पाकिटाला आणि कागदाला काळा काठ असतो. मायना नसतो. वरच्या ओळीत कोणाला उद्देशून काहीच नसतं, सरळ गेलेल्या माणसाचं नाव येतं. त्या दिवशी ते नाव मला मोठ्यानं वाचावं लागेल. मावशीनं त्याचीही तोड सांगून ठेवली आहे: वाचू नको, नुसता कागद दाखव. घरात आणायचा नाही. तलावाच्या पाळीवर आणायचा, म्हणजे तिथल्या तिथे आंघोळ होते. गरम-कोमट-गार हा रकाना मी रिकामा ठेवला आहे.

भाचीला मी भुजलीचा अर्थ कळवला. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

परवा नागपंचमी झाली. मावशीनं टोपली पेरली आहे आणि पाणी ती स्वतः घालते, सुनेला हात लावू देत नाही. दुपारी पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की ती पडवीतून उठून संस्थेच्या दारापर्यंत येते. संस्थेचे कागद असतात, बहुतेक लाखांदूरच्या नाहीतर भंडाऱ्याच्या कचेरीतून आलेले. पूर्वी ती ते हातात घेऊन वरची ओळ बघायची. आता ती हातात घेत नाही. पायरीखाली उभी राहून काठ बघते, चारही बाजूंचे, आणि मग परत जाते.